आधी मन उडाया पायजे

मोहिते सर बॉलशिवाय व्हॉलीबॉल शिकवत. तुम्हाला हसू येतंय, आम्हाला रडू यायचं! ऐरोलीत तेव्हा बिल्डिंगींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. तिथे आम्ही सहा बाप्ये रिकाम्या हवेत स्मॅश मारायचो आणि गॅलरीतल्या बायका पोरांना दाखवायच्या, "बघ, अभ्यास नाही केला की असं होतं."

सर मूळचे साताऱ्याचे, दिघ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर. "पाय मागनं उडत्यात. आधी मन उडाया पायजे!" हे सारखं चालू. आमचं मन कसलं उडतंय? आम्ही प्रत्येक मॅच हरायचो. पण 'हरलो' म्हणायची बंदी. "हारलो न्हाई, लेकांनो. त्यास्नी जिकाय मदत क्येली."

मॅचआधी डोळे मिटून जिंकलेला पॉइंट 'बघायला' लावायचे. एकदा नाइट शिफ्ट करून आलेला पाटील चक्क घोरायला लागला. सर गहिवरले. "ह्याला म्हंत्यात टेन्शन-फ्री माइंड!" आता बोला! त्यालाच कॅप्टन केला.

सरांना कप नको होता, फक्त टीम टिकायला हवी होती. नेमकी तीच टिकेना. पाटील उरणला कंटेनरच्या कामावर गेला. एकाचं लग्न झालं. बाकीच्यांनी सरळ कंटाळा केला. सर दारोदार फिरून मोटिव्हेशन द्यायचे. "हे घरात नाहीत," असं दारातून सांगितलं जायचं आणि आत केबलवरच्या क्रिकेटला ह्यांच्याच टाळ्या.

शेवटी मी एकटा उरलो. मलाही तळोज्याला नोकरी लागली, दुपारची पाळी. ते सांगायला गेलो, तर सर एकटेच नेट बांधत होते. एकट्या माणसाला नेट ताणता येत नाही हो. इकडे आवळलं की तिकडे लोळतं. सर ह्या खांबाकडून त्या खांबाकडे धावत होते. 

मी एक टोक धरलं आणि सांगून टाकलं.

"पर्मनंट हाय का?" सरांनी दोर ओढत विचारलं.

"हो."

"मग ब्येस झालं."

"सर, बास करा आता. संध्याकाळी घरी आराम करा जरा."

त्यांचे हात थांबले. मोहिते काकू गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं, हे मला बोलून गेल्यावर आठवलं.

"घरी जाऊन काय करू रं? भित्तीस्नी मोटिव्हेशन दिऊ?"

म्हणाले आणि दोर पुन्हा ओढायला लागले.