प्रभूचं निव्वळ वजन

एकवीस दिवसांच्या प्रभूचं वजन करण्यासाठी तिप्पण्णांनी गुरुवारी सकाळी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा रिक्षात घालून जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आणला. सोबत मुनीम सिद्धनाथलाही आणलं. दवाखान्याची तारीख सोमवारची होती. पण चाळीस वर्षं मार्केट यार्डात ज्वारीची आडत चालवलेल्या माणसाने सख्ख्या नातवासाठी परक्या काट्याची वाट बघत बसायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

काटा हॉलमध्ये मांडला. त्यावर टोपली आणि टोपलीत दुपट्याची घडी ठेवली. तिप्पण्णांनी बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि नातवाला अलगद आत निजवलं. प्रभूची आई अंकिता आतल्या खोलीत कान देऊन बसली होती. चिठ्ठीचा कागद फाडल्याचा आवाज आला आणि सिद्धनाथने लिलावाच्या खड्या आवाजात पुकारा केला, "निव्वळ दोन किलो नऊशे!"

जन्मला तेव्हा प्रभू तीन किलो पन्नास ग्रॅम भरला होता.

"अय्य शिवने!" अंकिताच्या सासूने, काशम्मांनी कपाळाला हात लावला. "एकवीस दिवसांत लेकरू दीडशे ग्रॅम घटलं? दूधच पुरत न्हाय त्याला. उद्यापास्नं पावडरच्या दुधाचा डबा सुरू करा."

अंकिता उठून बाहेर आली. पहिले दहा दिवस तिने दात-ओठ आवळून काढले होते. बाळाला ओढता येत नव्हतं, तिला धरता येत नव्हतं, आणि दोघंही एकदमच रडत होती. आत्ता कुठे दोघांचं जमलं होतं. प्रभू आता डोळे मिटूनसुद्धा नेमका लागत असे, आणि इतक्यात मध्ये हा डबा येऊन बसत होता.

"आत्या, दिवसात आठ-आठ लंगोट ओले करतोय तो," ती म्हणाली. "दूध पुरत नाही, तर हे येतं कुठून?"

"म्हणून तर घटतंय की! आलेलं समदं बाहेर टाकतंय."

"मामा, काटा बरोबर आहे ना?"

हे विचारायला नको होतं. तिप्पण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "पोरी, ह्या काट्यावर सरकारी शिक्का हाय. आजवर एका शेतकऱ्यानं बोट दाखवलं न्हाय त्याच्याकडं." मग सुनेचा चेहरा बघून ते जरा नरमले. "सोमवारपर्यंत थांबू. दवाखान्यातबी कमीच भरलं, तर मात्र डबा."

अंकिताच्या हातात चार दिवस उरले.

दुपारच्या एसटीने मंगळवेढ्याहून तिची आई शिवलीला येऊन थडकली. दोन पिशव्यांत बाजरीचं पीठ, मेथीचे लाडू, अळीव आणि शेपूच्या चार जुड्या होत्या. संध्याकाळी पहिलं ताट वाढलं गेलं आणि काशम्मांनी ते तिथेच अडवलं.

"विहीणबाई, बाजरी उष्ण. लेकराच्या अंगावर पुरळ उठंल. आन् मेथीनं दूध कडू हुतंय."

"आमच्याकडं चार बाळंतपणं बाजरीवरच झाली, विहीणबाई."

"झाली असतील की. पण हे आमचं लेकरू हाय."

काशम्मांनी त्याऐवजी खसखशीची खीर केली. शिवलीलाने वाटी परत नेली. "खसखस खाल्ली तर बाळ झोपूनच राहील. मग पिणार कधी आणि वाढणार कधी?"

शुक्रवारी वरण बंद झालं, कारण शिवलीलाच्या मते तुरीच्या डाळीने बाळाच्या पोटात वारा धरतो. शेपू बंद झाली, कारण काशम्मांना तिचा वासच सोसत नव्हता, त्यामुळे तो प्रभूलाही सोसणार नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं. दूध वाढावं म्हणून दोघी दिवसभर रांधत होत्या आणि दूध बिघडू नये म्हणून एकमेकींचं रांधलेलं उचलून नेत होत्या. ताटलीभर तूप-भातावर मात्र दोघींचं एकमत झालं होतं. शनिवारी शेजारच्या बाईंनी दारातूनच सांगितलं की भात थंड असतो, आणि मग तोही निम्मा झाला. अंकिता पाणी प्यायला उठली की दोघी एकदम म्हणायच्या, "घोटभरच हं!"

तिने पुण्याला नवऱ्याला फोन लावला. गुरुशांतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोघींचं ऐक."

सोमवारी रिक्षात अंकिता, बाळ आणि दोन्ही आज्या बसल्या. मागच्या रिक्षात तिप्पण्णा, सिद्धनाथ, टोपली आणि काटा होता. "मोजमाप आपल्यासमोर झालेलं बरं," तिप्पण्णा म्हणाले.

दवाखान्यात सोनाली सिस्टरने प्रभूचे सगळे कपडे काढले आणि त्याला पाळण्यासारख्या काट्यात ठेवलं. अंकिताने डोळे मिटून घेतले.

"तीन किलो पाचशे वीस. छान वाढलाय की!"

"काटा खोटा हाय," तिप्पण्णा म्हणाले.

"काय?"

"चार दिवसांत सहाशे ग्रॅम? ज्वारी भिजली तरी इतकी फुगत न्हाय. सिद्धनाथ, मांड आपला."

सिस्टर नको-नको म्हणेपर्यंत बाकावर दुकानाचा काटा मांडला गेला. टोपली, दुपटं, बटण, शून्य. प्रभू टोपलीत गेला आणि उघड्यानागड्या अवस्थेत सगळ्यांकडे बघून त्याने जांभई दिली. सिद्धनाथने लिहिलं, कागद फाडला आणि पुकारलं, "निव्वळ तीन किलो वीस!"

"बघा!" तिप्पण्णा म्हणाले.

सोनाली सिस्टर वाकली. "काका, काट्यावर तीन पाचशे वीस दिसतंय. तुम्ही काय वाचताय?"

"ते एकूण, म्याडम," सिद्धनाथ समजावत म्हणाला. "त्यातनं बारदान वजा केलं. अर्धा किलो."

"बारदान म्हणजे?"

"पोत्याचं वजन. म्हंजे हितं टोपलीचं न् दुपट्याचं."

तिप्पण्णांनी हळूच चष्मा काढला. "अरे, मी आधी झिरो केला न्हवता का?"

"केला की, मालक."

"मग टोपली त्यातच गेली की!"

"गेली असंल," सिद्धनाथ शांतपणे म्हणाला. "पण बारदान वजा केल्याशिवाय चिठ्ठी कशी लिहायची?"

अंकिताला हसू फुटलं. ते थांबेना, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. प्रभू घटला नव्हता. तो गुरुवारीही गुबगुबीतच होता. तिच्याच दुधावर.

"बाळाचं झालं, आता आईचं," म्हणत सोनालीने तिला मोठ्यांच्या काट्यावर उभं केलं आणि कार्ड पाहिलं. "मागच्या खेपेला पंचावन्न, आज एक्कावन्न. जेवता काय तुम्ही?"

अंकिताने तोंड उघडलं, पण दोन्ही आज्या आधी बोलल्या. काय काय बंद आहे ते एकीने सांगायला घेतलं, उरलेलं दुसरीने पुरं केलं. यादी संपता संपता दोघींचे आवाज आपोआप बारीक होत गेले.

"आजी," सिस्टर म्हणाली, "बाळ ठणठणीत आहे. उपाशी आहे ती ही. भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, शेंगदाणे, सगळं द्या. रोजच्यापेक्षा जास्त द्या. आणि तहान लागली की पोटभर पाणी."

तिप्पण्णांनी कोपऱ्यातल्या जारमधून पाणी भरून स्वतःच्या हाताने सुनेला पेला दिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुपारी हॉलमध्ये ताट वाढलं गेलं. काशम्मांनी बाजरीची भाकरी वाढली, शिवलीलाने खीर. मग वरण, शेपू, लाडू, परत भाकरी आणि परत खीर. कुणी कुणाला अडवत नव्हतं. "घ्या हो विहीणबाई, तुम्हीच वाढा," "न्हाय न्हाय, आधी तुमी," असं चाललं होतं. तिसऱ्या भाकरीला अंकिताने ताटावर हात आडवा धरला. तरी तुपाची धार पडलीच. शेवटी तिने घाम पुसत एक पुडी सोडून पाहिली.

"आत्या, शेवग्याची आमटी बाळंतिणीला चालत नाही म्हणे."

दोघींनी एका सुरात विचारलं, "कोण म्हणतंय?"

तेवढ्यात आतून प्रभू रडला. इतका वेळेवर तो आजवर कधी रडला नव्हता. "भूक लागलीय त्याला," म्हणत अंकिता लगबगीने उठली. आता तिला कोण अडवणार?

"निवांत पाज बाई," काशम्मा मागून म्हणाल्या आणि शिवलीलाने ताटावर दुसरं ताट झाकलं. "आमी हितंच बसलोय."