आबांची खुर्ची पाटणला जाते

एका महिन्यात गोडाऊनला शिस्त लावून दाखवते, असं मी साऱ्या साताऱ्याला सांगून बसले होते! सत्त्याण्णव साल. पुण्याहून कॉम्प्युटर आणला होता, त्यात गोडाऊनमधला माल सांभाळणारं सॉफ्टवेअर होतं, आणि ते चालवायला टायपिंग पास झालेली पिंकी होती. आणखी काय हवं?

खरं तर हवे होते आबा. फौजेतून निवृत्त झाल्यावर माझ्या वडिलांनी एमआयडीसीत पंपांच्या सुट्या भागांचं गोडाऊन काढलं. कुठला वॉशर कुठल्या फळीवर, हे फक्त त्यांच्या डोक्यात. चैत्रात आबा गेले, आणि डोकं सोबत घेऊन गेले. गिऱ्हाईक साधा व्हॉल्व्ह मागायचं आणि आम्ही दिवसभर उंदरासारखे फळ्याफळ्यांतून खुडबुडत राहायचो! कामावरची माणसं सगळी आबांच्याच पलटणीतली. आबा हुकूम सोडत, ती पाळत. आता हुकूम सोडायची पाळी माझ्यावर आली, आणि मी तो झोकात सोडला.

"गोडाऊनमधली एकूण एक वस्तू कॉम्प्युटरात आली पाहिजे!"

"म्हंजे नोंद करून चार्जवर घ्यायची?" माजी हवालदार मानसिंगकाकांनी टाचा जुळवून विचारलं.

"हो. एकही सुटता कामा नये."

सुटली नाही! वॉशर, पाइप, पट्टे यांच्यावर नंबर चिकटले, तसे ते वाळूच्या लाल बादलीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि माझ्या जेवणाच्या डब्यावरही चिकटले. मांजर चपळ म्हणून वाचलं. दाराशेजारच्या आबांच्या लोखंडी खुर्चीलाही नंबर मिळाला. आबा गेल्यापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. मी तर तिच्याकडे न बघता आत जायला शिकले होते.

सॉफ्टवेअरची एक खुबी मला फार आवडायची. जो माल तीन महिने जागचा हलला नाही, तो ते आपणहून दाखवायचं. असा माल पाटणला लालासाहेबांच्या दुकानात पाठवायचा, तिथे तो खपेल, असं ठरलं होतं. तो दिवस उजाडला तेव्हा मी शिरवळला एका कारखान्यात होते. तिथून फोनवर ऐटीत म्हणाले, "कॉम्प्युटर सांगेल ते टेंपोत भरा. मला विचारत बसू नका!"

संध्याकाळी परतले, तर दाराशेजारी फरशीवर चार पायांचे ठसे, आणि वर काहीच नाही.

"काका, खुर्ची?"

"पाटणला गेली."

"कुणी पाठवली?"

"तुमीच की मायाताई! कॉम्प्युटर म्हनला, तीन म्हयनं हलली न्हाई. मी पिंकीला म्हनलं, अगं आबांची हाय ती. तर ती म्हनली, नंबर हाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? सलाम ठोकला आन् टेंपोत चढवली."

पाटणला फोन लावला. लालासाहेब खूश! "आवं ताई, काय झ्याक खुर्ची धाडलीया! टेंपोतनं उतरली, तशी आमची आई जी बसलीया, ती जेवायलाबी उठंना!"

सकाळी मी आणि मानसिंगकाका जीपनं पाटणला. दुकानाच्या ओट्यावर खुर्ची, खुर्चीत बनुबाई. ऐंशीच्या घरातल्या, आणि अशा ठाण मांडून, की त्यांनाही कुणी चिकटवलं असावं!

"आजी, ही खुर्ची चुकून आली. परत न्यायचीय."

"का म्हून? दुसऱ्या कुटल्या खुर्चीतनं मला उठाया येत न्हाई. हिचं हात बराबर हायती. आली मोठी न्हेनारी! तुज्या बापाची हाय व्हय?"

"हो," मी म्हणाले. "बापाचीच आहे."

लालासाहेबांनी जीभ चावली. मानसिंगकाका छपराकडे बघू लागले. बनुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कवा गेला?"

"चैत्रात."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, कण्हत उठल्या, आणि दंडाला धरून मलाच तिच्यात बसवलं.

"बस जरा. मग ने."

मी बसले. हातांवरचा रंग जिथे उडाला होता, नेमके तिथेच माझे तळवे आले. बाजारातली माणसं बघत होती. बघू देत, म्हटलं. चहा आला आणि निवूनही गेला. मग लक्षात आलं, बनुबाई भिंतीला टेकून अजून उभ्याच होत्या. तेव्हा उठले.

खुर्ची परत आपल्या ठशांवर उभी राहिली. तिचा नंबर मी नखानं खरवडून काढला. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं!

आठवड्यानं सांगलीहून टेंपो आला. आत बारा लोखंडी खुर्च्या.

"पिंकी!"

"ताई, खुर्ची गेल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, शिल्लक शून्य, नवा माल मागवा. मी मागवला. विचारत बसू नका, असं तुम्हीच म्हणाला होता."

"पण बारा?"

"त्याहून कमी तो मागवतच नाही!"

आमच्या मांडण्या बनवणाऱ्या सांगलीच्या माणसानंच, मानसिंगकाकांनी फोनवर दिलेल्या मापानं, त्या हुबेहूब घडवल्या होत्या. त्यातली एक मी लगोलग बनुबाईंना पाठवली. चार दिवसांत ती परत! सोबत ड्रायव्हरच्या तोंडी निरोप: "म्हातारी म्हनली, हिच्यात कुनी बसल्यालं न्हाई. बसून बसून मुरवा, मग धाडा."

तेव्हापासून रोज दुपारी मानसिंगकाका, पिंकी आणि मी पाळीपाळीनं बनुबाईंची खुर्ची मुरवत होतो. बाकीच्या अकरा तशाच पडून. मग एक दिवस त्यांना तीन महिने झाले. कॉम्प्युटरनं सकाळीच बजावलं. मानसिंगकाका टाचा जुळवून समोर उभे.

"ताई, भरू टेंपो?"

मी आधी दाराशेजारी नजर टाकली. होती.

"भरा," मी म्हणाले. "पण काका, एकेक खुर्ची मला विचारून!"