दोन पांढऱ्या गाड्या आणि लिंबाची बिस्किटं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कोपरखेडीच्या समाजमंदिरातल्या ओव्हनमधून लिंबाच्या बिस्किटांचा ट्रे बाहेर निघाला. बिस्किटं चोवीस होती. कडेला तांबूस, मधे पिवळसर. वीज अकराला जाणार होती आणि सरकारी पाहणी पथकही अकरालाच येणार होतं.

वर्ष २००६, महिना डिसेंबर. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापूस कमी आला आणि पथकं जास्त आली. कापसाला जोड म्हणून बायकांनी काय करावं, हे ठरवणाऱ्या एका योजनेतून गावातल्या बचत गटाला पंधरा दिवसांच्या बोलीवर ओव्हन मिळाला होता. पथकाला बिस्किटं आवडली तर तो गावात राहणार होता. नाही तर त्याच दिवशी टेम्पोत चढून राळेगाव तालुक्यातल्या गटाकडे जाणार होता.

तो चालवता येत होता फक्त गुंजनला. यवतमाळला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली ती एकटीच. ओव्हन गेला की तिला पुन्हा कापूस वेचायला जायचं होतं, आणि यंदा वेचायला फारसा कापूसही नव्हता.

“आतून कच्ची तर नाही न वो?” गटाच्या अध्यक्ष प्रभावतीबाईंनी विचारलं.

“नाही काकू. अठरा मिनिटं ठेवली, घड्याळ लावून.”

“एक फोडून पाह्यतो मी,” गटातल्या रुक्माबाई पुढे सरकल्या.

“हात नका लावू! मोजून ठेवली हायेत.”

“वा गं वा! लिंबं माह्या झाडाची, अन चव मलेच नाही.”

पावणेअकराला बाहेर पांढरी गाडी थांबली. तीन पुरुष आणि एक बाई उतरली. कोण आलं, हे विचारायची पद्धत गावात आता राहिली नव्हती. पांढरी गाडी आणि इस्त्रीचे कपडे म्हणजे पथक. गुंजनचे वडील वामनराव पुढे झाले. गावाच्या वतीनं पथकाशी नेहमी तेच बोलत.

“या जी, या. रस्ता सापडला न?”

“विचारत विचारत आलो,” पुढचे गृहस्थ म्हणाले. “मी नंदकिशोर, दिग्रसहून. आमचा माणूस फाट्यावर भेटणार होता, भेटलाच नाही.”

“तुमचे माणसं कधीच नाही भेटत जी,” वामनराव समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी सतरंजी झटकली.

पाणी झालं. नंदकिशोररावांनी घसा साफ केला.

“शेती किती?”

“सहा एकर. सारी कोरडवाहू. विहीर हाय, पण पाणी संक्रांतीलोकच पुरते.”

“कापूस?”

“एकरी दीड क्विंटल. लाल्या रोग पडला. मागची भितबी पडली हाय घराची. दाखवू का?”

नंदकिशोररावांनी बायकोकडे पाहिलं. भाचे आणि पुतण्यांसाठी त्यांनी आजवर सतरा मुली पाहिल्या होत्या. पडलेली भिंत आपणहून दाखवायला निघालेला बाप हा पहिलाच.

“घरात माणसं?”

“सहा. माह्या मायचे गुडघे गेले. लिहून घ्या न.”

कोणी काहीच लिहून घेत नव्हतं. नवीन असतील, असं वामनरावांनी मनाशी ठरवलं आणि ट्रेकडे हात केला. पुढची दहा मिनिटं “घ्या जी”, “आणखी एक घ्या”, “लाजू नका” असं चाललं. या भागात पाहुण्याची ताटली रिकामी दिसली की यजमानाला चैन पडत नाही. अकराला दोन मिनिटं कमी असताना ताटल्या रिकाम्या होत्या आणि ट्रेही.

“कोणं केली?” नंदकिशोररावांच्या पत्नीनं विचारलं.

“ह्या पोट्टीनं. माहीच हाय.”

गुंजननं प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं ताठ उभं राहून सांगितलं. मैदा एक किलो, लोणी अर्धा किलो, लिंबाची साल किसून. हिरवी-पिवळी तेवढीच घ्यायची, खालची पांढरी कडू लागते.

“रस नाही टाकत?” कोपऱ्यातल्या तरुणानं विचारलं. हा सलील, नंदकिशोररावांचा पुतण्या.

“पाव वाटी. जास्त झाला तर बिस्किट पसरते.”

सलीलनं समाधानानं मान हलवली. नंदकिशोररावांनी ती पाहिली आणि मांडी ठोकली.

“आमच्याकडून पसंत हाय!”

प्रभावतीबाईंनी टाळ्या सुरू केल्या. बायकांनी त्या उचलून धरल्या. नंदकिशोररावांच्या पत्नीनं उठून गुंजनला कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत नारळ घातला. गुंजनचे डोळे भरून आले.

“म्हणजे आता इथंच राहीन न?”

“इथं कायले? दिग्रसले नेऊ आम्ही.”

“दिग्रसले? राळेगावले नेणार होते न?”

नंदकिशोररावांचा चेहरा पडला. “राळेगाववाले बी पाहून गेले का?”

“पाहाले कायले पाह्यजे? टेम्पोत टाकून नेतात.”

“पोरीले?”

“ओव्हनले!”

वीज गेली. अकरा वाजले होते. मग दोन्ही बाजूंचा खुलासा झाला, तो अर्थातच अर्धवट. मुलगी पाहायला यांना पुढच्या गावी जायचं होतं, नावगाव मध्यस्थाकडे होतं, आणि इथं सतरंजी अंथरलेली दिसली. खुलासा पुरा व्हायच्या आत बाहेर दुसरी पांढरी गाडी थांबली. तिच्यामागे टेम्पो होता.

पीठ एका ट्रेपुरतं उरलं होतं. वीज पाचला येणार होती. गुंजन सरळ सलीलसमोर जाऊन उभी राहिली.

“तुम्ही सात खाल्ले.”

“सहा.”

“सात. मी मोजले. आता त्यायले काय देऊ? ओव्हन जाईन माह्यावाला.”

सलील कोपरखेडीला वीज सोडणाऱ्या बाभुळगावच्या उपकेंद्रात ऑपरेटर होता. हे त्यानं आत्ता पहिल्यांदा सांगितलं, मोबाइल काढला आणि रेंजसाठी गच्चीवर गेला. वामनरावांनी नव्या पथकाला सतरंजीवर बसवलं आणि त्याच आवाजात सुरुवात केली, “सहा एकर. सारी कोरडवाहू.” या वेळी लिहून घेतलं गेलं.

अकरा वीसला वीज आली. ट्रे आत गेला. अकरा बत्तीसला वीज पुन्हा गेली. उपकेंद्रातले साहेब चहा पिऊन परत आले होते, असं नंतर कळलं.

पथकाच्या मॅडमनी बिस्किट मोडलं. “आत कच्चं आहे.”

“मला वाटलं, हा असाच प्रकार असतो,” शेजारचे साहेब म्हणाले. ते तिसरं खात होते.

मतभेद झाला. मॅडमनी कागदावर लिहिलं की निर्णय अहवालानंतर, ओव्हन तूर्त राळेगावला हलवावा. टेम्पोचालक प्रेमसिंग ओव्हन उचलायला वाकला आणि तसाच बोटं फुंकत सरळ झाला.

“जळून राह्यला हा! गरम ओव्हन नाही नेत मी. टेम्पोत गाद्या हायेत.”

“थंड होऊ द्या,” मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं. त्यांना आणखी चार गावं होती. पथक गेलं, मागे टेम्पोही गेला.

दुसऱ्यांदा प्रेमसिंग, आधी वेळ कळवून, शनिवारी दुपारी तीनला आला. तेव्हाही ओव्हन गरम होता. दुपारी तीनला कोपरखेडीत वीज नसते. त्या दिवशी होती.

नंदकिशोरराव मंगळवारीच एक वाजता पुढच्या गावी पोहोचले, पोहे खाऊन “कळवतो” म्हणाले आणि अजून त्यांनी काही कळवलेलं नाही. सलील मधल्या काळात दोनदा समाजमंदिराचं वायरिंग पाहून गेला. रुक्माबाईंनी गुंजनला सर्वांसमोर विचारलं, “मंग, तुहं काय ठरलं वो?”

“आधी ओव्हनचं ठरू द्या,” गुंजन म्हणाली आणि मैदा चाळू लागली.

अहवाल आलेला नाही. गुरुवारी टेम्पो तिसऱ्यांदा येईल, असा निरोप आहे. या खेपेला निरोपात वेळ कळवलेली नाही.