वर म्हणजे नेमकं कुठे?

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, ही बाब मुळात गंभीर नव्हती. लिफ्ट बंद पडतात, तो त्यांचा स्वभावच आहे. तपासनीस आले, त्यांनी केबिनच्या तळाला पेन टोचून पाहिलं, पेन आरपार जाऊन खाली पडलं, आणि गंजलेली केबिन वापरातून बाद करण्यात येत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग पेन शोधायला ते जिन्याने गेले.

गंभीर बाब वेगळी होती. सहाव्या मजल्यावर माझी आई राहते आणि समोरच्या इमारतीत तळमजल्यावर माझी मावशी. दोघींचे गुडघे म्हातारे, जिभा तरुण. रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसून दोघी बहिणी समस्त नातेवाइकांची बिनपाण्याने हजामत करायच्या. आता हिला उतरवेना, तिला चढवेना. उरलं ते खिडकीतून हात हलवणं.

"फोन आहे की," मी म्हणालो.

"चहाड्या फोनवर करायच्या नसतात रे," आई म्हणाली. "ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यातच तर सगळी मजा. नवी केबिन कधी येतेय ते सांग."

तिने मला विचारणं रास्त होतं. ज्या कंपनीने ही लिफ्ट बसवली, तिथेच मी आराखडे काढायला आहे. केबिनचा आराखडा माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार होता. तो फक्त केबिन बनवणाऱ्या कारखानदाराला पाठवायचा होता. मी पाठवला. तासाभरात त्याचा फोन आला.

"साहेब, फाईल उघडत नाही."

"आमच्याकडे उघडते."

"मग केबिनही तुमच्याकडेच बनवा."

चूक कोणाचीच नव्हती. आमचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, त्याचं दुसऱ्या. भांडलेल्या जावा जशा एकमेकींच्या डब्याला हात लावत नाहीत, तशी ही सॉफ्टवेअरं एकमेकांची फाईल उघडत नाहीत. आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, लांबी-रुंदी-उंची फोनवर सांग ना त्याला! मी शिंप्याला सांगायचे तशी!"

मी हा उपाय साहेबांपुढे मांडला. साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "फोनवर सांगितलेल्या उंचीची जबाबदारी कोणाची?" त्यांनी विचारलं. मग त्यांनीच मार्ग काढला. आराखडे जगात कुठेही उघडून पाहता यावेत, म्हणून एकच प्रमाणित फाईल ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती अस्तित्वात होती. तिच्यात आमच्या कंपनीची खुर्ची रिकामी होती. कोट असलेला कर्मचारी मी एकटाच, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

समितीची पहिली बैठक 'पाहणे' या शब्दाच्या व्याख्येवर संपली. दुसऱ्या बैठकीत ठरलं की पाहणे म्हणजे समजणे नव्हे. हा मोठा विजय मानला गेला आणि जेवणाची सुट्टी वाढवण्यात आली. मी दर वेळी घरी परतलो की आई दारातच विचारायची, "ठरलं?" मी म्हणायचो, "प्रगती आहे." इकडे मावशीच्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि ती कित्येक दिवस आमच्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या गाऊनला हात हलवत होती. गाऊनही वाऱ्यावर हलायचा, म्हणून तिला शंका आली नाही. आईला मात्र ते बघून रडू यायचं.

खरी अडचण आली ती 'वर' या शब्दापाशी. कॉम्प्युटरमधल्या आराखड्यात प्रत्येक बिंदूला तीन आकडे असतात. अर्ध्या कंपन्या दुसऱ्या आकड्याला उंची मानतात, अर्ध्या तिसऱ्या. दुसरेवाले म्हणाले, आमची लाखो चित्रं अशीच आहेत, आम्ही बदलणार नाही. तिसरेवालेही तेच म्हणाले, फक्त जास्त सभ्यपणे. शेवटी माझ्याने राहवेना. मी उभा राहिलो.

"माफ करा, पण वर म्हणजे वर. त्यात काय ठरवायचं?" असं म्हणून मी छताकडे बोट दाखवलं.

पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूने आलेल्या एका प्रतिनिधीने घसा साफ केला. "सन्माननीय सदस्य जिकडे बोट दाखवत आहेत," तो म्हणाला, "ती दिशा आमच्या घरून पाहिली तर खाली येते. हा आमच्या सबंध गोलार्धाचा अपमान आहे."

मी माफी मागून खाली बसलो. नंतर अध्यक्षबाईंनी असा तोडगा काढला की कोणाचंच मन दुखावलं नाही. फाईल सर्वत्र उघडेल. तिच्यात वरची दिशा कोणती, हे पाहणाऱ्याने आपापल्या प्रथेप्रमाणे ठरवावं. बाईंनी मतदानासाठी सर्वांना हात वर करायला सांगितलं. त्या वेळी मात्र वर कुठे, हे कोणालाही विचारावं लागलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला, लोक मिठ्या मारत होते, आणि मीही दोघा-तिघांना मारल्या. आई आता उतरणार होती ना!

मी फाईल पाठवली. कारखानदाराचा फोन आला. "साहेब, उघडली! झकास दिसतेय!" महिन्याभरात केबिन हजर झाली. सहा फूट रुंद, सहा फूट खोल, साडेतीन फूट उंच. दार लांबलचक आणि बुटकं, दुकानाच्या शटरसारखं वर सरकणारं.

"अहो, ही आडवी आहे!" मी ओरडलो.

"माझ्या स्क्रीनवर अशीच दिसते," कारखानदार म्हणाला. "प्रथेप्रमाणे पाहिली."

केबिन रुंद पडल्याने लिफ्टच्या पोकळीत मावेना, म्हणून प्रत्येक मजल्यावरची भिंत फोडण्यात आली. डाव्या बाजूच्या लोकांची स्वयंपाकघरं अडीच फुटांनी आत गेली. पण केबिन प्रमाणित होती आणि स्वयंपाकघरं नव्हती, त्यामुळे कोणाला तक्रार करता येईना. तपासनीस आले, त्यांनी टेप लावून पाहिली. "तिन्ही मापं बरोबर आहेत," ते म्हणाले. "कुठलं माप कुठल्या दिशेला आहे, हे माझ्या कक्षेत येत नाही." त्यांनी सही केली आणि आडवे होऊन खाली गेले.

पहिला आठवडा लोक जाम चिडले. दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींनी फलक लावला: 'प्रवाशांनी पाय दाराकडे करावेत.' तिसऱ्यात चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी सांगितलं की आडव्या माणसांत उंच-बुटका भेद उरत नाही, ही खरी समता. कोणाची पाठदुखी गेली. कोणी आडव्या आरशाचं कौतुक केलं, की त्यात माणूस पायांपासून डोक्यापर्यंत दिसतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने लिफ्टसाठी घडीची गादी विकायला काढली. पुढच्या चौकात नवी इमारत उभी राहत होती, तिच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलं होतं: 'आडवी लिफ्ट!' उभ्या लिफ्टच्या इमारतींचे भाव पडले.

आईने दारात उभं राहून हे सगळं पाहिलं. "चल, मी धरतो तुला," मी म्हणालो. "नुसतं आडवं व्हायचं, मिनिटभर."

"चौघांच्या खांद्यावरून जाईन तेव्हा आडवी जाईनच," आई म्हणाली. "जिवंत आहे तोवर उभी जाणार. कळव तुझ्या त्या समितीला."

कळवलं. समितीचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं. उभा प्रवासी ही जुनी आवृत्ती असून तिला यापुढे आधार दिला जाणार नाही. संबंधित प्रवाशाने स्वतःला अद्ययावत करून घ्यावं. आईला हे वाचून दाखवल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की मी दोन्ही दिवस त्याच लिफ्टने आरामात ये-जा केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाव्या मजल्यावर शटर वर सरकलं आणि आधी दोन पाय बाहेर आले, मग काठी, मग मावशी. मी आणि आईने तिला ओढून काढलं. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. कितीतरी वेळाने आईने डोळे पुसले.

"काय गं, लाज नाही वाटली, अशी सामानासारखी यायला?"

"वाटली ना," मावशी म्हणाली. "पहिल्या मजल्यापर्यंत वाटली. मग सवय झाली."

आई हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. "पहिला मजला," ती पुटपुटली, "म्हणजे एकच मजला पुरला गं बाई तुला." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "हे आडवं करायचं कोणी ठरवलं होतं?"

"कोणीच नाही, आई."

"आणि उभं करा म्हणून कोण भांडलं?"

मी मावशीची काठी उचलून भिंतीला टेकवली.

तुम्ही हसताय. हसा, हसा. आडवं पडून जाणारी माणसं बघितली की हसू येणारच. पण शेवटचं एखाद्या कार्यालयात गेला होतात, तेव्हा काउंटरच्या काचेला पोटाच्या उंचीवर भोक होतं. त्यात तोंड घालून, कमरेत वाकून, मान तिरकी करून तुम्ही आतल्या माणसाला 'साहेब' म्हणालात. ते भोक तोंडाच्या उंचीवर का नाही, हे तुम्ही कोणाला विचारलंत, असं आमची आई विचारतेय. उत्तर शक्यतो उभं राहून द्या.