सिखेची चाखणी

एस्तेरबाई आढाव घरात दारू गाळतात, ही बातमी शनिवारी सकाळी दहाच्या आत सावेडीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीत पोचली. एस्तेरबाईंना ती सगळ्यांत शेवटी कळली. निवृत्त शिक्षिका आणि अकरा वर्षं चर्चच्या दारूबंदी समितीच्या सेक्रेटरी! संतापानं त्यांची कानशिलं तापली.

घडलं होतं एवढंच. मुलगा जोएल पुण्याजवळ एका कोरियन कंपनीत होता आणि आज त्याचे साहेब बायकोला घेऊन जेवायला येणार होते. आईच्या हातचं सिखे पिऊन सात वर्षं झाली, असं त्या बाई एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या. सिखे म्हणजे त्यांच्याकडचं गोड, गार पेय. मोड आलेल्या जवाच्या पाण्यात भात उबेला ठेवायचा, शितं वर तरंगली की साखर-आलं घालून उकळायचं. जोएलनं कृती पाठवली आणि एस्तेरबाई आठवडाभर खपल्या.

पण शेजारचे सूर्यभानराव अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एस्तेरबाईंच्या गच्चीवर मोडाचे जव वाळताना पाहिले, काल स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोडसर वास घेतला आणि बायकोला, मनकर्णाबाईंना, सांगितलं. मनकर्णाबाईंनी समितीच्या मरियाबाईंना सांगितलं, मरियाबाईंनी पाळक शांतवन यांना. आता पाळक, मरियाबाई आणि सूर्यभानराव तिघंही दारात उभे होते.

"रागावू नका बाई," पाळक म्हणाले. "नुसती शंका दूर करायला आलोय."

"शंका? माझ्यावर? त्या देशी दारूच्या दुकानापुढं तीन दिवस उन्हात मी बसले होते, पाळकसाहेब. तुमची तेव्हा कंबर धरली होती!"

पाळक चष्मा पुसू लागले.

"बाई, तीस वर्षं भट्ट्या फोडल्यात मी," सूर्यभानराव म्हणाले. "मोडाचं जव, उबेला भात. आनखी काय पायजे?"

"पेला पायजे!" एस्तेरबाई कडाडल्या. फ्रिजमधलं पातेलं त्यांनी टेबलावर आदळलं. "चाखा!"

"मी कसा चाखू?" पाळक मागं सरले. "असली तर?"

सूर्यभानरावांनी पेला रिकामा केला आणि डोळे मिटले. "ग्वाड हाय."

"मग?"

"एका पेल्यात न्हाई कळत. चढायला येळ लागतो. घाला अजून."

"मला शुगर आहे," मरियाबाई म्हणाल्या, "पण समितीची जबाबदारी आहे." त्यांनी अर्धा पेला घेतला. मग उरलेला अर्धा. दोघंही धड उभे आहेत हे पाहून पाळकांनीही ओठ लावले, शितं चावली, "आलं घातलंय का हो?" असं विचारलं आणि पेला पुन्हा पुढं केला. सूर्यभानरावांनी मनकर्णाबाईंना हाक मारली, कारण "ती कधी घेत न्हाई, तिला लगीच चढंल." मनकर्णाबाई आल्या त्या जावेला घेऊनच.

"निर्दोष आहे!" शेवटी पाळकांनी जाहीर केलं.

एस्तेरबाईंनी पातेल्यात पाहिलं. तळाला चार शितं आणि आल्याचा एक तुकडा. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"आठवडाभर राबले मी!" त्या ओरडल्या. "आणि तुम्ही खात्री करता करता संपवलंत?"

जोएल पाहुण्यांना घेऊन आत आला. "आई, सिखे काढ ना."

एस्तेरबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. "ह्या सगळ्यांनी संपवलं," त्या म्हणाल्या, आणि जोएलला ते कोरियन साहेबांना इंग्रजीत सांगावं लागलं.

साहेबांच्या बायकोनं त्या माणसांकडं पाहिलं, पेल्यांच्या कडेला चिकटलेल्या शितांकडं पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. मग तिनं पिशवीतून पुण्याहून आणलेला खोका काढला. बारा डबे. आमच्याकडचं एक पेय आहे, तुम्हाला आवडेल की नाही कोण जाणे, असं ती म्हणाली. डब्यावर भाताच्या शितांचं चित्र होतं.

सूर्यभानरावांनी पहिला डबा फोडला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला काय चव न्हाई. बाईंचं लई सरस हुतं."

जोएलनं ते सांगितल्यावर त्या बाईनं एस्तेरबाईंचे हात धरले. पुढच्या शनिवारी परत येऊ का, म्हणाली.

"करा की बाई," सूर्यभानराव म्हणाले. "जव माज्या गच्चीवर वाळवा. तिथं ऊन चांगलं लागतं."

"आणि तुमच्या गच्चीवर काय चाललंय, ते पाळकसाहेबांना कोण कळवणार?" एस्तेरबाईंनी फणकारून विचारलं.

"मी कळवते ना!" मरियाबाई लगबगीनं म्हणाल्या. "म्हणजे चाखायला सगळे वेळेवर येतील."