केप कुणी शिवली?

“थिएटरात दाखवलं ते काहीच नाही! खरी कला तर त्यांनी कापून टाकली!” हे वाक्य टेलरमास्तर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतानाच टाकायचे. टेपमध्ये अडकलेलं गिऱ्हाईक जातंय कुठे!

गोष्ट शंभर टक्के खरी होती. त्या गाजलेल्या सिनेमातल्या सुपरहिरोच्या पाठीवर फडकणारी लाल केप मास्तरांनीच शिवली होती. पण शेवटच्या नामावलीत सेटवरच्या मांजराचंही नाव होतं, मास्तरांचं तेवढं नव्हतं! त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना. खुद्द बायकोसुद्धा नुसतं “असेल हो” म्हणायची. त्यात कपडेपटवाल्याने कानात सांगून ठेवलेलं, “मास्तर, तुमच्या केपवर अख्खा प्रसंग होता. लांबी वाढली म्हणून उडवला.” झालं! तेव्हापासून तीन वर्षं मास्तर डायरेक्टर्स कटची, म्हणजे उडवलेले प्रसंग परत जोडलेल्या सिनेमाची, वाट बघत होते.

आणि तो आला तोही अगदी मोक्याला! बँडपथकाला चाळीस गणवेश शिवून हवे होते. एवढं मोठं काम मास्तरांच्या दुकानाची पायरी कधी चढलंच नव्हतं. मास्तरांनी बँडप्रमुखांना थेट घरीच बोलावलं. “रविवारी दुपारी या. माझं काम डोळ्यांनी बघा, मगच ठरवा!”

रविवारी दुपारी बँडप्रमुख आले. सासरे तर सकाळपासूनच ठाण मांडून होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला माणूस. दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समोर टीव्हीवर नवा सिनेमा, मांडीवरच्या लॅपटॉपवर जुना आणि कानामागे पेन्सिल!

“जावईबापू, जुन्यात हा गडी एव्हाना दोन इमारती पाडून मोकळा झालाय. नव्यात अजून हातमोजेच चढवतोय.”

“बाबा, हातमोजे सोडा हो! केप बघा, केप!”

“बघतोय. अजून तरी काही फरक नाही.”

दीड तासाने लॅपटॉपवर सुपरहिरो खिडकीतून भुर्रकन उडाला. टीव्हीवर मात्र तो लिफ्टमध्ये शिरला. मास्तर ताडकन उठले. “हाच! हाच तो प्रसंग! पडदे ओढा!”

बायकोने पडदे ओढले. बँडप्रमुख सरसावून बसले. लिफ्टचं दार बंद झालं. सुपरहिरो आत, केप बाहेर! लिफ्ट वर निघाली आणि टर्रर्र! खांद्याची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. कॅमेरा इतका जवळ गेला की मास्तरांना स्वतःचे टाके मोजता आले. “कुणी शिवलीय ही?” सुपरहिरो ओरडला. खलनायक तर असा हसला की त्याच्या हातातला बॉम्बच पडला. केपशिवाय उडता येईना, म्हणून पुढचा पाऊण तास जगाचा तारणहार बसने फिरत होता. तोही उभ्याने!

“हा फरक!” सासऱ्यांनी वहीत ठसठशीत खूण केली.

“धागा त्यांचा होता!” मास्तर पुटपुटले. चाळीस गणवेश मास्तरांचाच बँड वाजवत डोळ्यांदेखत निघून चालले होते.

सिनेमा संपताच मास्तरांनी रिमोटवर झडप घातली. “चला, चहा टाका!”

“थांबा, नावं राहिलीत!”

“नावांचं काय एवढं, बाबा!”

पण नाव आलंच. ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासकट, वर दुकानाचा पत्ता!

“अय्या, खरंच की हो!” बायकोने टाळ्या पिटल्या. “आणि मी उगाच शंका घेत बसले!”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. तेवढ्यात बँडप्रमुखांची नजर लॅपटॉपवर गेली. तिथे सासऱ्यांनी थांबवून ठेवलेल्या शेवटच्या दृश्यातही केप डौलात फडकत होती.

“वा! ही शिवण बघा! एक टाका हलला नाही!”

“तीही माझीच!” मास्तरांच्या जिवात जीव आला. “तीच केप आहे ती! देवाशपथ!”

सासऱ्यांनी जुनी नामावली लावली. पेन्सिल धरून ओळ न् ओळ तपासली, अगदी मांजरापर्यंत. मग मान हलवली. “यात तुमचं नाव नाही, जावईबापू.”

बँडप्रमुखांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, राग मानू नका. पण ही जुनी ज्याने शिवली ना, त्याचा पत्ता मिळेल का?”