वळ्या मोजणारे काका

आमच्या हडपसरच्या सोसायटीत कुणाचं बारसं असलं, की बोलावणं असो-नसो, गायकवाडकाका हजर. जेवायला नव्हे, बाळाचे पाय बघायला. कुणी काही म्हणायच्या आत ते पाळण्यावर वाकत, घट्ट बांधलेलं दुपटं सोडत आणि म्हणत, "अहो, बाळ आहे, सुरळीची वडी नाही! पाय मोकळे ठेवा."

मग चष्मा कपाळावर चढवून दोन्ही मांड्यांच्या वळ्या मोजत. "इकडे दोन, तिकडे दोन. छान. लंगोट बदलताना दोन्ही पाय सारखे फाकतात ना?" ही चौकशी लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही चाले. नव्या आया त्यांना बघून जिना धरायच्या. काकांचा जन्म गेला कुरिअर कंपनीत. डॉक्टरकीशी संबंध शून्य.

माझ्या सईच्या बारशालाही आले. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून सासूबाईंनी तिला पाय सरळ करून करकचून बांधलं होतं. काकांनी सोडलं, मोजलं आणि भर पाहुण्यांत म्हणाले, "डावीकडे एक वळी जास्त आहे. खुब्याची सोनोग्राफी करून घ्या."

सासूबाईंचा चेहरा पडला. मला राग आवरला नाही. "काका, आपण कुरिअरमध्ये होतात ना? तिथेही दुसऱ्यांची पार्सलं अशीच उघडून बघायचात का?"

सगळे हसले. काकाही हसले, दुपटं सैलसर गुंडाळलं आणि पेढा न घेता निघून गेले. आपलं वाक्य झकास जमलं म्हणून मी दिवसभर खूश होते. आज आठवलं की लाज वाटते.

पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी सईचे पाय फाकवून पाहिले आणि सोनोग्राफीच लिहून दिली. डावा खुबा खोबणीत नीट बसलेला नव्हता. "वळ्या पुष्कळ बाळांच्या कमी-जास्त असतात," ते म्हणाले, "पण हिचा खुबा खरंच सैल आहे. लवकर आलात, पाय फाकलेले ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भागेल."

मी माफी मागायला काकांकडे गेले. दार त्यांच्या मुलीने, माधवीने उघडलं. पस्तिशीची असेल. एका बाजूला झुकत, पाय ओढत ती चहा टाकायला आत गेली. इतकी वर्षं मी तिला पाहून न पाहिल्यासारखं करत आले होते.

काका हळू आवाजात म्हणाले, "चालायला लागली तेव्हा डुलत चालायची. आम्हाला वाटायचं, पोरगी काय ठुमकते! कुणी घरी आलं, की मी म्हणायचो, 'माधवी, चालून दाखव.' ती दाखवायची. लोक टाळ्या वाजवायचे. मी सगळ्यांत जोरात. डॉक्टरकडे नेलं तोवर फार उशीर झाला होता. ऑपरेशनं झाली, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच."



आतून माधवीची हाक आली, "बाबा, चहा आणतेय."

काका घाईघाईने उठले. "थांब गं, मी येतो," म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता, "पाहुण्यांसमोर तिला चालायला लावणं आता होत नाही माझ्याच्यानं."